गुलाबाला दिलेला ताण

आबा, आज सकाळी गच्चीत गुलाबाच्या कळ्या खुडत होते, तर शेजारची नवी सून कठड्यापलीकडून बघत उभी राहिली. काकू, एवढ्या छान कळ्या का तोडताय, म्हणाली. तिचं माहेर नाशिककडचं, तिला काय सांगणार? चैत्र संपत आलाय आणि जळगावचं ऊन सकाळी नऊलाच कानशिलं तापवतंय. अशा दिवसांत गुलाबाला फूल धरू दिलं तर ते बोराएवढं येतं, दुपारपर्यंत त्याच्या कडा करपतात आणि झाडाचा जीव मात्र निम्मा होतो. उन्हाळ्यात गुलाबाकडून फुलं मागायची नाहीत, त्याला नुसतं जगू द्यायचं. हे मी तिला सांगितलं खरं, पण सांगताना मला माझंच हसू येत होतं. हे शहाणपण आपल्या घरात कुठून आलं ते तिला ठाऊक नाही. तुम्हाला आहे. म्हणून खाली येऊन चहा बाजूला ठेवला आणि तुम्हाला लिहायला बसले. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, की आता माझंच वय तुमच्यापेक्षा जास्त आहे. तेव्हा थोडं थट्टेनं लिहिलं तर चालवून घ्या.

आपल्या त्या भाड्याच्या घरामागचं अंगण आठवतंय? काळी माती, उन्हाळ्यात तिला अशा भेगा पडायच्या की माझी सागरगोटी एकदा आत गेली ती गेलीच. तिथे भिंतीच्या कडेनं आईनं गुलाब लावले होते. नर्सरीतले नव्हे, धुळ्याला तिच्या माहेरी परसात होते ते गावठी, फिक्कट गुलाबी, वासाचे. ओल्या फडक्यात काड्या गुंडाळून तिनं त्या एसटीतून आणल्या, पारोळ्याला गाडी थांबली तेव्हा उतरून फडकं पुन्हा भिजवलं, हे ती किती वेळा सांगायची. लोक म्हणाले, जळगावच्या उन्हात गुलाब? इथे बाभळी सुकतात. पण आई हट्टाची. संध्याकाळी सगळ्यांचं आटोपलं की ती एकेका आळ्यात तांब्यानं पाणी घालायची, पानांवर थेंब पडू न देता. तुम्ही खाटेवर बसून बघायचात. तुम्ही पाटबंधाऱ्याच्या कचेरीतले कारकून, पण मनानं भडगावकडच्या लिंबाच्या मळ्यातच राहिलेले. गुलाबात तुम्हाला काही गम्य नव्हतं. ज्याचं लोणचं होत नाही त्याला झाड कशाला म्हणायचं, असं तुम्ही आईला चिडवायचात.

ते सदुसष्ट साल. मी दहा वर्षांची, आणि माझ्यानंतर इतक्या वर्षांनी आईला दिवस राहिले होते. संक्रांत झाली आणि ती बाळंतपणाला धुळ्याला गेली. माझी शाळा होती म्हणून मी तुमच्यापाशी राहिले आणि आपल्या दोघांचं जेवणखाण बघायला गावाहून अक्का आली. तुमची थोरली बहीण, विधवा, अहिराणी सोडून दुसरं काही न बोलणारी, आणि तुम्हाला अजून चड्डीतला पोरगा समजणारी. होळीच्या सुमारास धुळ्याहून निरोप आला, की मुलगा झाला. तुम्ही पेढे आणलेत. ते वाटून व्हायच्या आत दुसरा निरोप आला. तुम्ही तसेच स्टँडवर गेलात.

तुम्ही पोचलात तेव्हा सगळं उरकलं होतं. मामानं पांझरा नदीच्या काठी नेऊन माती दिली होती. आई बाळंतिणीच्या खोलीत होती आणि त्या खोलीत पुरुषांनी जायचं नसतं, म्हणून तुम्ही गेला नाहीत. ओसरीवर बसलात, पाणी प्यायलात, मामाशी काहीबाही बोललात आणि उठलात. निघताना आतून आजी बाहेर आली आणि म्हणाली, ती सांगते आहे, झाडांना पाणी घाला म्हणावं. बस, एवढाच निरोप. तो घेऊन तुम्ही परत आलात, आणि कपडेही न बदलता बादली भरून अंगणात गेलात. मी मागच्या दारात उभी राहून बघत होते. तुम्ही आईसारखंच तांब्यानं घालत होता, फक्त पाणी सांडत होतं फार. तेव्हा मला वाटलं तुम्हाला जमत नाही.

त्यानंतर घरात त्या बाळाचा विषय निघाला नाही. अक्का चुलीपुढे बसून कधीतरी पदरानं डोळे टिपायची, पण तुम्ही आलात की धुराचं निमित्त सांगायची. तुम्ही गुलाबांच्या मागे लागलात. कचेरीतून आलात की आधी अंगण. आणि पाडवा झाल्यावर एके दिवशी तुमच्या डोक्यात ते आलं. असं ठरलं होतं, की आईनं आखाजीपर्यंत माहेरीच राहावं. आपल्या खानदेशात आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात, मग आलेली कशाला पाठवायची? आखाजी झाली, की मृगाच्या सुमारास तुम्ही जाऊन तिला आणायचं. म्हणजे ती येणार मृगाला. आणि मृगाला लिंबाचा बहार धरतात. उन्हाळ्यात लिंबाचं पाणी तोडायचं, झाडाला चांगला ताण द्यायचा, पानं गळली तरी घाबरायचं नाही, मग मृगात पाणी सोडलं की फांदीफांदीला फुलं. मळ्यात तुम्ही लहानपणापासून हेच पाहिलं होतं. मला जवळ बसवून तुम्ही समजावून सांगितलंत, की झाडाला जरा तहान लागू द्यावी, म्हणजे ते फुलायचं मनावर घेतं. आई दारात पाऊल ठेवेल तेव्हा भिंत फुलांनी भरलेली असेल, म्हणालात. कित्येक दिवसांनी तुमचा चेहरा उजळला होता. मला तर ते अंगण दिसायलाच लागलं.

तर अशा रीतीनं, आबा, जिनं झाडांना पाणी घाला एवढंच मागितलं होतं तिच्या प्रेमापोटी तुम्ही झाडांचं पाणी तोडलंत. आज लिहिताना हसू येतंय. लिंबाचं मूळ खोल आणि जात चिवट. आईच्या गुलाबांची मुळं वीतभर खोल, आणि वर जळगावचं ऊन. आधी पानं पिवळी पडली. तुम्ही म्हणालात, बरोबर आहे, अशीच गळतात. मग काड्या तपकिरी झाल्या. अक्का भांडी घासता घासता म्हणाली, "झाडेसले पानी दे रे, मरी जातीन." तुम्ही तिलाच लिंबाचं शास्त्र सांगायला लागलात. त्या दिवशी भांडी जरा जोरात आपटली गेली. आखाजीच्या दिवशी गल्लीत झोक्यांवर बायकांची गाणी चालली होती आणि तुम्ही अंगणात उकिडवे बसून एका खोडाला नखानं खरवडत होता. साल निघाली की आत हिरवं दिसायला हवं. तुम्ही एकेक खोड खरवडत भिंतीच्या टोकापर्यंत गेलात. मग बादल्या भरभरून पाणी घातलंत, पण आता ते भेगांतून नुसतं खाली जात होतं.

मृग आला. पाऊस थोडाफार झाला. तुम्ही धुळ्याला गेला नाहीत. मला वाटायचं आज जाल, उद्या जाल. मी आईचं लुगडं पेटीतून काढून वाळत घातलं, पुन्हा घडी करून ठेवलं. अक्का विचारायची तेव्हा तुम्ही म्हणायचात, कचेरीत काम आहे, जरा पाऊस स्थिर होऊ दे. आणि रोज संध्याकाळी त्या वाळक्या काड्यांपाशी. एक झाड मात्र पुरतं मेलं नव्हतं. मोरीच्या तोंडाशी होतं ते, अक्काच्या भांड्यांचं राखेचं पाणी त्याच्या बुडाशी मुरत होतं. ते श्रेय तिनं कधी मागितलं नाही आणि तुम्ही कधी दिलं नाहीत. त्या खोडाला मातीलगत हिरवट टिपका होता. त्याच्याभोवती तुम्ही कपाशीच्या पऱ्हाट्या रोवून सावली केलीत, केळीची वाळकी पानं आणून बुडाशी अंथरलीत, बारीक भोक पाडलेलं मडकं शेजारी पुरून त्यात पाणी भरून ठेवलंत. आता फूल आल्याशिवाय धुळ्याला जायचं नाही, हे तुम्ही मनाशी ठरवलं होतं. कुणाला सांगितलं नव्हतं, पण लपलेलंही नव्हतं. बायकोनं सांगितलेलं एकच काम, तेही नासवलं, आता कुठल्या तोंडानं जायचं, हे तुमच्या पाठीवरसुद्धा वाचता यायचं.

आषाढात मामा येऊन गेला. चहा घेतला, कपाशीचं, पावसाचं बोलला. बायकोला न्यायला येणं हे नवऱ्याचं काम, माहेरच्यांनी आपणहून आणून सोडायचं नसतं, ते टाकून दिल्यासारखं दिसतं. त्यामुळे तो तरी काय बोलणार? उठताना चप्पल घालता घालता म्हणाला, मग केव्हा येताय? तुम्ही म्हणालात, बघू, जरा सवड झाली की. मामा गेला. त्याचा चेहरा मी पाहिला होता, आबा, तुम्ही पाहिला नव्हता, तुम्ही मोरीकडच्या झाडाकडे बघत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही मडक्यात पाणी भरत होता तेव्हा अक्का तुमच्यामागे जाऊन उभी राहिली. "तू फुलनी वाट देखस," ती म्हणाली, "आन ती तुनी वाट देखस. फूल आज ना उद्या येई. तिले कोन लई येई?" तुम्ही वळला नाहीत. पण त्याच रविवारी आपण दोघं धुळ्याच्या गाडीत होतो.

एरंडोलला मला भजी घेऊन दिलीत आणि स्वतः खिडकीबाहेर बघत राहिलात. मामाच्या घरी पोचलो तेव्हा जेवणाची वेळ होती. आजीनं आपल्या दोघांसाठी स्वयंपाकघरातच पाट मांडले आणि काहीतरी निमित्त काढून ती बाहेर गेली. आई चुलीपाशी ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी थापते आहे. वाळली आहे, हातातल्या बांगड्या कोपराकडे सरकतात. मला जवळ घेऊन तिनं मुका घेतला, पिठाचा हात गालाला लागला. तुमच्याकडे मात्र तिनं पाहिलं नाही. ताट वाढलं. भाकरी, ठेचा, वरण. तुम्ही पहिला घास मोडला आणि ताटातच ठेवलात.

"तुझी झाडं वाळली," तुम्ही म्हणालात. "मी पाणी तोडलं होतं."

आईचा हात परातीत थांबला. का, असं तिनं विचारलं. तुम्ही सांगितलंत, की ती येईल तेव्हा फुलं असावीत म्हणून ताण दिला. गुलाबाला? आईनं विचारलं. तुम्ही मान हलवलीत. तव्यावरची भाकरी करपायला लागली, तिचा वास सुटला, तरी आई ती उलटेना. मग तिनं विचारलं, की म्हणून आला नाहीत का इतके दिवस. हो म्हणालात. तोंड काय दाखवणार होतो, म्हणालात.

"मला वाटलं, मुलगा गेला म्हणून येत नाही," आई म्हणाली. तिनं भाकरी उतरवली, करपलेली बाजू खाली करून बाजूला ठेवली. आणि मग अगदी हळू, भांडणाचा सूर नाही, काही नाही, नुसती दमून म्हणाली, "झाडांचं सगळं सांगितलंत. त्याचं काहीच विचारलं नाहीत."

आबा, मी तुमच्या शेजारीच बसले होते. माझ्या तोंडात घास होता आणि तो गिळायचा की नाही हे मला कळत नव्हतं. मला तुमचा राग येत होता, तुमची कीवही येत होती. आईला घेतल्याशिवाय परत जावं लागणार, अशी भीती वाटत होती. मला वाटलं, आता तुम्ही उठाल. पुरुषमाणसं अशा वेळी उठून हात धुतात आणि बाहेर जाऊन विडी ओढतात. तुम्ही उठला नाहीत. खाली मान घालूनच विचारलंत, "कसा होता?"

आई सांगायला लागली. सावळा होता, तुमच्यासारखा. कपाळ मोठं. जावळ दाट, मानेपर्यंत. डोळे पुरते उघडलेच नाहीत त्यानं. पण बोट धरलं की सोडत नव्हता, आजीला त्याची मूठ उलगडावी लागायची. हे सगळं तिनं एकदाही न थांबता सांगितलं, जणू इतके महिने ती कुणीतरी विचारण्याचीच वाट बघत होती. त्या घरातही कुणी विचारलं नसणार. अशा बाळाचं बोलू नये, बाईच्या मनाला लागतं, असं सगळ्यांनी धरलेलं. ती बोलत होती आणि तुमच्या डोळ्यांतून पाणी ताटात पडत होतं. तुम्ही ते पुसलं नाहीत. मी तुम्हाला रडताना त्याआधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही. मग आई रडली. मोठ्यानं रडली, बाहेर आजीला ऐकू जाईल असं. आणि रडता रडता मध्येच म्हणाली, गुलाबाला कुणी ताण देतं का हो? तुम्ही म्हणालात, लिंबाला देतात. त्यावर तिला हसू आलं. रडणं आणि हसणं असं एकत्र मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. डोळे पुसून तिनं विचारलं, एखादं तरी वाचलंय का? मोरीकडचं, तुम्ही सांगितलंत. मातीलगत हिरवं आहे. तर मग वरचं सगळं कापून टाका, ती म्हणाली, वाळकं लाकूड ठेवून काय करायचं? आणि तिनं पिठाचे हात धुतले आणि पेटी भरायला आत गेली.

पुढचं सगळं तुम्हाला माहीतच आहे, तरी लिहिते, मला लिहावंसं वाटतंय. त्या झाडाला श्रावणात कोंब फुटला. अक्का गावी जाताना त्या झाडालाच बजावून गेली, मानसासारखं वाग म्हणून. दसऱ्यानंतर आईनं तुम्हाला गुलाबाचा ताण कसा असतो ते दाखवलं. ऊन उतरल्यावर, पाऊस संपल्यावर, थोडे दिवस फक्त. बुडाची माती हलक्या हातानं उकरून मुळांना जरा हवा द्यायची, मग छाटणी, मग कुजलेलं शेणखत आणि पोटभर पाणी. तुम्ही विद्यार्थ्यासारखे शेजारी उकिडवे बसला होता. तुमचं शास्त्र खोटं नव्हतं, आबा, फक्त झाड चुकलं आणि महिना चुकला. मार्गशीर्षात पहिलं फूल आलं. आईनं ते देवाला वाहिलं नाही, केसांतही माळलं नाही. पेल्यात पाणी घालून स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवलं. तुम्ही कचेरीला जाताना तिथे घटकाभर उभे राहिलात.

नंतर त्याच झाडाच्या काड्या लावून भिंत पुन्हा भरली. बहात्तरच्या दुष्काळात नळाला पाणी नव्हतं तेव्हा आंघोळीचं पाणी परातीत धरून तुम्ही ते जगवलंत, आणि मी एकदा वैशाखात हौसेनं कळी ठेवली तर माझ्यावर असे खेकसलात की मी दोन दिवस अबोला धरला. आईकडून शिकलेलं सगळं तुम्ही गल्लीत असं सांगायचात, की जसं काही मळ्यातूनच शिकून आलात. आई आतून ऐकायची आणि खोकायची. तेवढं खोकलं की तुम्ही बोलणं आवरतं घ्यायचात. मला तुम्ही दोघं फार आवडायचात तेव्हा. हे सांगितलं नव्हतं कधी. आपल्याकडे कुठे असं सांगतात?

आता चहा गार झाला आणि कागदही संपत आला. हा कागद पाकिटात जाणार नाही हे मला लिहायला बसतानाच ठाऊक होतं. तरीही एक गोष्ट तुमच्या कानावर घालते, आईलाही मी ती सांगितली नव्हती. माझं लग्न झालं, नव्या घरी गेले, तिथे बायका विचारायच्या, भावंडं किती? तुम्ही दोघं अशा वेळी म्हणायचात, एकच मुलगी. मी एकटीच, असं मी कधीही म्हटलं नाही. एक भाऊ होता, असं म्हणते. आजही म्हणते. एखादी पुढे विचारते, कसा होता? आणि आबा, मला सांगता येतं, कारण त्या दिवशी तुम्ही विचारलं होतं.